पत्ता तीन

एकोणीस वर्षं रबाळ्याच्या शेडमध्ये
मी तांब्याची तार गुंडाळली.
बोटं अजून झोपेत वेढे मोजतात,
चारशे ऐंशीला थांबतात.
म्हणून शार्दूलनं खोकं उघडून
"आत्या, वायरिंग तुझं" म्हटलं
तेव्हा मी फक्त चष्मा पुसला.

घणसोली, गॅलरीत आडवा प्लायवूड.
त्यावर बुचाची पट्टी, पट्टीवर रूळ,
दोन रुळांत माझी करंगळी जेमतेम मावते.
तो घाई करतो, टोकाला टोक भिडवतो.
मी म्हणते, जोडात पोस्टकार्डाएवढी फट ठेव,
मे महिन्यात धातूलाही पाय पसरायचे असतात.

खालून दोन जाड तारा, तांबडी नि काळी.
हातहात अंतरावर त्यांना बारीक फांद्या,
वर रुळाच्या पोटाला डाख.
तापवायचा रूळ, कथील नाही.
जिथे ऊब, तिथे कथील आपणहून धावतं.
हे मला पुष्पलता गावंडनं शिकवलं,
शेजारच्या बाकावरून, न बोलता.
राळेचा धूर उठतो. शार्दूल खोकतो.
मला भूक लागते:
त्या वासावर डबा उघडायची सवय.

नेरुळला त्याची आई, कळव्याला माझा भाऊ.
मधे मी. शनिवारी एकजण सोडतो,
रविवारी दुसरा नेतो.
जिना कुणीच चढत नाही.

"वीज कायम रुळात असते, आत्या.
सगळ्या इंजिनांना एकच हाक जाते,
पण हाकेत पत्ता असतो. ज्याचा पत्ता, तेच हलतं."
खोक्यातून निघताना प्रत्येकाचा पत्ता तीन.
त्यानं दोन्ही ठेवली, दोन्ही निघाली,
समोरासमोर आपटली.
"एका पत्त्यावर दोघं नाही चालत," तो म्हणाला,
साधंच, पुस्तकातलं.
मी भांडी घासायला उठले.
हिरव्याला एकेचाळीस मिळाला, लाल तीनवरच राहिलं.
उभ्या इंजिनाचाही दिवा जळत राहतो
हे मात्र मला आवडलं.

मग त्याला गाडी हातानं उचलून फिरवायची नव्हती.
गेली तशी यावी, स्वतःच्या चाकांवर.
टोकाला मोठा वळसा घातला,
फिरून त्याच सांध्याला आणून जोडला.
टक्.
डब्यावर लाल ठिपका, सगळं मेलं.

रात्री एकपर्यंत मीटर घेऊन बसले.
एकेक डाख हलवून पाहिला,
नेलपेंटनं खुणा केल्या,
एकही तार कुठे चुकलेली नाही.
शेवटी डाव्या रुळावर बोट ठेवलं
आणि नुसतं चालवत नेलं.
बाहेर पडलं, वळलं, वळलं,
परत आलं ते उजव्यावर.
चूक कुणाचीच नव्हती.
वळून घरी येणाऱ्याचं
डावं असतं तेच उजवं होतं, बस्स.

सकाळी वळशाची दोन्ही तोंडं करवतीनं कापली,
फटीत प्लास्टिक बसवलं,
काड्यापेटीएवढी एक पाटी जोडली.
गाडी आत असताना ती अधिक-उणे उलटवते,
चाकाला कळायच्या आत.
रुपया आडवा टाकून पाहिला: बंद. उचलला: सुरू.
मग लाल निघालं.
आम्ही दोघंही ओट्याला टेकून, श्वास धरून.
फट आली, गेली,
दिवा लवलाही नाही.

खाली हॉर्न वाजला.
आज कुणाचा, मी वाकून बघितलं नाही.
त्यानं बॅग उचलली, दारातून परत फिरला,
गाडीनं अजून एक फेरी घेतली, पूर्ण.
"बंद नको करूस हं."

जिन्यावर पावलं उतरली.
डिंक वाळत होता, खाडीकडून वारा.
डाखणीचं टोक अजून तापलेलं होतं,
ओल्या स्पंजवर टेकवलं.
फिस्स झालं.