तीनशे शब्दांत ओढा

रकाना सात : प्रकल्पाची गरज. शब्दमर्यादा तीनशे.
कीथलीच्या कौन्सिलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरवर हातमोजे वाळत घालून
मी लिहितो : हॅग बेक हा ओढा
एकोणीसशे बासष्टपासून
वाहनतळाखालच्या काँक्रीटच्या नळातून वाहतो.
'वाहतो' खोडतो. 'कोंडला आहे' लिहितो.
एक शब्द वाढला.

इथले लोक ओढ्याला बेक म्हणतात.
मी मनातल्या मनात ओढाच म्हणतो,
कारण ओढा म्हटलं की नुसतं पाणी येत नाही,
कुणीतरी कुणाकडे खेचलं जात असतं त्यात.
हे रकान्यात बसत नाही.

रकाना आठ : फायदे, पाउंडांत.
क्लिफर्ड सग्डेन आला, वय ब्याऐंशी,
लोकरीच्या रंगशाळेतला जुना कामगार,
पायपुसण्यावर बराच वेळ बूट घासत राहिला.
सोमवारी लाल, म्हणाला, मंगळवारी बाटलीहिरवा;
कढईत आज कुठला रंग चढलाय
ते आम्ही पोरं पुलावरून सांगायचो.
मासा? छे, मासा कधी दिसला नाही.
पण आवाज होता. रात्री अंथरुणात आवाज होता.

आवाजाचे किती लावू?
गॅरेथ म्हणतो, मानसिक स्वास्थ्याखाली टाक,
तिथे दर ठरलेला आहे.

नोव्हेंबरात सतरा तळघरांत पाणी शिरलं होतं.
इश्तियाकच्या सलूनमध्ये खुर्च्यांच्या गादीपर्यंत.
तरी सभेत सगळ्यांत आधी उठला तो तोच :
चौसष्ट गाड्या लागतात तिथे.
त्या गाड्यांतली डोकी माझी आहेत.
कुणी हसलं नाही.
नगरसेविका ॲक्रॉइडबाईंनी नोंद घेतली,
पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

बाबांना फोन. साताऱ्यात, पाटबंधाऱ्यात सदतीस वर्षं काढलेली.
ओढा उघडतोय, बाबा.
झाकला कुणी होता?
कौन्सिलनंच.
आणि उघडायला पैसे?
प्रादेशिक निधीतून. साठ टक्के ते, चाळीस आम्ही.
बराच वेळ पलीकडे नुसता पंखा.
मग : आम्ही जन्मभर अडवलं आणि जिरवली.
जिरवलं, म्हणजे पाणी, असं लगेच सुधारलं त्यांनी,
पण हसत होते.

मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.
चार सत्तेचाळीसला नकाशा चढेना, फार जड होता.
मी नकाशातली झाडं काढली.
मग बाकं. मग ती चित्रातली राखाडी माणसं,
फुगा धरलेल्या मुलीसकट.
उरली निळी रेघ. चार अठ्ठावन्नला ती गेली.

अभिनंदन, असं पत्र आलं एप्रिलात.
मागितले दोनशे दहा मीटर, मंजूर अडतीस.
टप्पा एक, असं म्हटलंय.
टप्पा दोन हा शब्द पत्रात कुठेच नाही,
मी दोनदा शोधला.
इश्तियाक स्वतः पावलांनी मोजून आला :
सोळा गाड्या जातील. सोळा चालतील.

जूनमध्ये काँक्रीट फुटलं.
क्लिफर्ड घडीची खुर्ची घेऊन आला होता.
खाली पाणी, वीतभर, लाजल्यासारखं,
उजेडाची सवय नसलेलं.
रंगच नाही रे ह्याला, तो म्हणाला,
कुणाकडे तक्रार करावी तसा,
आणि डबा उघडून सँडविच खायला लागला.

अडतीस मीटर म्हणजे किती,
तर मी खिशात हात घालून, रमतगमत,
पन्नास पावलांत संपतो.
पुढे लोखंडी जाळी, पुढे पुन्हा अंधार,
पुन्हा अठ्ठेचाळीस गाड्या.
जाळीला चिप्सचं एक पाकीट चिकटलंय.
फडफडत नाही, थरथरतंय,
आतून कुणी धरून ठेवल्यासारखं.

पावत्या जोडल्याशिवाय पैसे येत नाहीत.
तिमाही अहवाल पंधरा तारखेला.
रकाना चार : प्रगती, मीटरमध्ये.