चार बाटल्या

कुइंब्राच्या इस्पितळातून दिल्यात चार बाटल्या,
अंगठ्याएवढ्या:
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.
सकाळ-संध्याकाळ, वीस-वीस सेकंद.
नुसतं हुंगायचं नाही, डॉक्टरीण म्हणाली,
लिंबू कसं होतं ते आठवायचंही.

अदेरितु आठवतो.
टेबलावर कोपरं टेकून, डोळे घट्ट मिटून,
पाढा विसरलेल्या मुलासारखा.
ताप उतरून सात महिने झाले.
जाताना तो वास घेऊन गेला.
आता कोबीचं सूप करपलं तरी
अदेरितु दुसऱ्यांदा वाढून घेतो.
रात्री झुल्मिराच्या मानेशी नाक नेतो
आणि हळूच मागे घेतो,
चुकीचं दार ठोठावल्यासारखं.

तीस उन्हाळे गावच्या बंबावर, बिनपगारी.
दरीपलीकडचा धूर पाइनचा की बुचाच्या ओकाचा
हे तो गाडीत बसल्या बसल्या सांगायचा.
आणि कागदाच्या कारखान्यासाठी लावलेली
ती उंच, तेलकट झाडं पेटली
की काहीच सांगायचा नाही,
फक्त हेल्मेटचा पट्टा आवळायचा.

चौथ्या बाटलीवर लिहिलंय:
मन शांत करते.

मार्चमधला मंगळवार.
गुलाब: काही नाही.
लिंबू: काही नाही.
लवंग: जळक्या रबराचं काहीतरी, लांबचं.
मग चौथं झाकण.

खुर्ची मागे कोसळली.
तो उभा, हात भिंतीवरच्या खुंटीकडे,
जिथे आता पिशव्या टांगतात.
"कुठे लागलीय?"
झुल्मिराने खिडकी उघडली.
टेकडी ओली, हिरवी,
एक शेळी कुंपणाला अंग घासतेय.
"कुठेच नाही," ती म्हणाली.

"आला," तो म्हणाला. "वास आला गं."
हात थरथरत होते, तोंड हसत होतं,
दोघांचं आपसात काही ठरलं नव्हतं.

संध्याकाळी तिने तीनच बाटल्या मांडल्या.
चौथी पिठाच्या डब्यामागे.
त्याने ती शोधून आणली,
बाकीच्यांच्या रांगेत उभी केली.
"असू दे," म्हणाला,
"निदान हिनं तरी मला ओळखलं."

रात्री पुन्हा तिच्या मानेशी आला.
"अजून नाही."
झुल्मिरा हलली नाही.
मान तशीच तिरकी धरून
मनातल्या मनात मोजत राहिली
वीसपर्यंत.