गाडा क्रमांक चार

पहिला गाडा बनवला तेव्हा
पनासला बटाटेच माहीत होते:
कसे उकरायचे, न खरचटता पट्ट्यावर कसे घ्यायचे.
दोनेत्स नदीच्या अलीकडे, सामूहिक शेतीच्या शेडमध्ये
तीस वर्षं तेच यंत्र, तोच काळा चिखल.
आता त्याच चिखलातून माणसं आणायची होती.

हेलिकॉप्टर येत नाही. रुग्णवाहिका
शेवटच्या झाडापर्यंत येते, तीही धुकं असेल तर.
वर कोणीतरी सतत डोळा लावून बसलेलं.
पूर्वी तास मोजायचो, ओरिस्या सांगते,
आता रात्री मोजतो.
मांडीवर आवळलेल्या पट्टीवर मार्करने वेळ असते,
२१:४०. कुठल्या दिवसाची, ते लिहायला
पट्टी बनवणाऱ्याने जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या गाड्याला त्याने रुळपट्टे लावले.
तिसऱ्याची लांबी वाढवली, कारण यारेमाचे पाय
बाहेर लोंबत होते, आणि काटेरी तार
उंची विचारून अडकत नाही.
जखमींची तक्रार आली: हादरे बसतात.
(तक्रार करणारे पोचलेले होते.
न पोचलेल्यांची वही कोरीच.)

मग एका पहाटे पनास स्वतःच आडवा झाला.
पुतण्याला म्हणाला, चालव. नांगरटीतून.
हाडं खुळखुळली, दाढेखाली माती आली,
ते त्याला ठाऊकच होतं.
ठाऊक नव्हतं ते हे, की वर नुसतं आकाश असतं,
मोटर घुरघुरत राहते,
आणि हाक मारावी असं कुणीच नसतं.
उतरला, पण बोलला नाही.
अडगळीतली बाबागाडी उलटी करून स्प्रिंगा काढल्या
आणि पुतण्याच्या टेबलावरून स्पीकर आणि माइक.

चौथा गाडा गुरुवारी गेला.
साडेपाच किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं.
इकडे ओरिस्या. काय बोलावं सुचेना,
"धीर धर" दोनदा म्हणून झालं,
देवाचं नाव घेऊन झालं,
मग भिंतीवर टांगलेली
जुन्या यंत्राच्या सुट्या भागांची यादीच वाचू लागली:
बेअरिंग, सहा नग. साखळी, डावी.
चाळण. चाळणीचा दांडा.
अंधारातून आवाज आला, कोरडा, चिडका:
"डावी झाली. उजवी साखळी राहिली."

पनासने टॉर्च दातांत धरली आणि
पाचव्या गाड्याच्या कागदावर लिहिलं:
पाण्याची नळी. तोंडापर्यंत पोचेल अशी.
खाली ओरिस्याचं अक्षर:
पोटात लागलं असेल तर बंद.