कोटभर गवंडी

दारव्ह्याच्या पुढे, अडाणच्या वळणावर
मोरीच्या पायाखालची वाळू दर पुरात थोडी थोडी जाते.
दोनदा सिमेंट गिळून झालंय तिचं.
यंदा मी कॅनमधून जिवाणू आणले.

रज्जाक मिस्त्रींनी झाकण उघडून पाहिलं.
ताकाच्या निवळीसारखं पाणी.
"ह्याच्यात गवंडी किती हायेत?"
म्हटलं, थेंबात कोटभर.
"अन् रोजी?"
युरिया. आणि थोडं कॅल्शियमचं मीठ.
ते हसले, थापी कमरेला खोचून
बाभळीखाली जाऊन बसले.

सात दिवस आम्ही वाळूला पाजलं,
पंचफुला झारीनं, मी घड्याळ बघत.
तिसऱ्या दिवशी वास सुटला
तान्ह्याच्या गोधडीचा, बंद गोठ्याचा,
डोळे चुरचुरवणारा.
"जितं हाय मंग," पंचफुला म्हणाली.
मी अजून पट्टीचा रंग जुळवत होते.

तिच्या नवऱ्याला मुतखडा आहे.
पडलेला एक तिनं बाटलीत जपून ठेवलाय,
तुरीच्या डाळीएवढा.
"मानसाच्या आंगात तं कोनी झारी नाई धरली,
तरी जमते न गोटा."
याचं उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं.
तिला सांगितलं नाही.
गोगलगायीचं घर, अंड्याचं टरफल, आपले दात,
सगळं मऊ अंगांनी ओलाव्यात बसून केलेलं,
भट्टीशिवाय.

जिवाणूला बांधायचं नसतंच काही.
तो पोटापुरता युरिया फोडतो,
भवतालचं पाणी बदलतं,
आणि चुन्याचे कण त्याच्याच अंगावर बसू लागतात.
दोन वाळूकणांच्या सांध्यात
तो स्वतःच चिणला जातो.
हे ऐकून रज्जाक मिस्त्री
बराच वेळ न पेटवलेली विडी धरून बसले.

आठव्या दिवशी त्यांनीच थापीच्या मुठीनं ठोकलं.
वर, टण्.
हातभर खाली, टण्, जरा दबकं.
पलीकडे, जिथं वाळू संपून काळी लागते,
तिथं थापी नुसती रुतली.
तिच्या फटी इतक्या बारीक
की कोटभर गवंडी दारातच थांबले.
"काळी कोनाचं आयकत नाई," मिस्त्री म्हणाले,
सासरच्या माणसाबद्दल बोलावं तसं, जपून.

मी वहीत दोन्ही आकडे लिहिले.

काठावर पंचफुलाच्या बकरीचा खूर उमटला होता,
चौथ्या दिवशी कधीतरी.
तो आता दगड आहे.
संध्याकाळी बकरी आली,
हुंगून, पाय जरा उचलून,
बाजूनं गेली.