गंज

पार्सल उघडलं तेव्हा दस्ता नुसता ओबडधोबड,
चापाला बसायला जागा नाही.
एमेट क्रॉलनं लोखंडाला मेणबत्तीची काजळी फासली,
दाबलं, उचललं,
काळं उमटलं तेवढंच तासलं.
अख्खा नोव्हेंबर त्यात गेला.

एकतीस वर्षं ओहायो नदीवरच्या पुलांचा गंज
खरवडला त्यानं, दोराला लटकून.
आता न्हाणीघरात पिस्तुलाची नळी टांगून,
गरम पाणी सोडून
गंजाचीच वाट बघत बसलाय.

"आला का तुझा पाहुणा?" डॉर्था दाराबाहेरून,
"मला अंघोळ करायचीय."

आलाय.
तांबूस, विरळ,
पोराच्या पहिल्या मिशीसारखा.
एमेट बोट लावत नाही.

गारगोटी अजून कागदातच.
ठिणगीचं बघू मग, म्हणतो.