तवा

भंगारवाल्यानं काट्यावर टाकला आणि म्हणाला,
"बीड हाय. पाव किलोला थोडं कमीच."
मी म्हटलं, थांब, तो द्यायचा नाही.
तो पत्र्याच्या डब्यांकडे वळला.

माझ्या तळहाताएवढा तवा.
कडेला एक कान, दुसरा कधी नव्हताच,
आणि अगदी मधोमध नाही, जरा डावीकडे,
मोहरी जाईल एवढं भोक.

आमच्या गल्लीत रस म्हटलं की
बाकीच्या पोरांना गुऱ्हाळ आठवायचं.
आम्हाला उद्यमनगर.
अण्णा रात्रपाळीहून यायचे तेव्हा
कानाच्या पाळीमागं काळी वाळू असायची.
आक्का ती पदरानं पुसायची
आणि पदर रस्त्यावर जाऊन झटकायची.

शेजारच्या सुलभाची भातुकली पितळेची,
जोतिबाच्या जत्रेतली.
माझा तवा तिच्या चुलीवर ठेवला
तर चूलच मोडली.
मग मी आक्काच्या खऱ्या चुलीवर, निखाऱ्याच्या कडेला
रुपयाएवढी भाकरी भाजायची.
भोकावर ती करपायची,
एक काळा ठिपका, रोज त्याच जागी.
संपत म्हणायचा, "देवी आल्यात भाकरीला,"
आणि तरी सगळी खायचा.

अण्णांनी माझ्यासाठी ओतला,
असं मी शाळेत सांगितलं, सासरी सांगितलं,
लेकीला तर इतक्यांदा की ती पुढची ओळ म्हणायची:
पाळी संपताना लॅडलमध्ये उरलेला घोटभर रस,
आणि साच्यासाठी पावडरच्या डब्याचं झाकण.

आज तीच ओळ भंगारवाल्याला सांगत होते.
आक्का खाटेवर लसूण सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"अण्णानं न्हाई वतला त्यो. दस्तगीरनं वतला.
तवा तुझा अण्णा सीपीआरमधी हुता.
पायावर रस सांडलता."

तवा, ती म्हणाली,
आणि मी हातातल्या तव्याकडे पाहिलं.

"तवा तू रडायची थांबंनास.
दस्तगीर शिकलगार सायकलीवरनं आलता,
रुमालात गुंडाळून. कोमट हुता अजून.
झाकण मातूर खरं हाय. ते मीच दिलतं."

मग लसणाच्या चार पाकळ्या सोलून होईपर्यंत काही नाही.

"लॅडल दोघांनी धरायचं असतंय.
दुसरं टोक त्याच्या हातात हुतं."

भोकाचं मी विचारलं नाही.
तिनंच सांगितलं:
"हात कापत हुतं त्याचं. वतताना कापलं असतील."

अण्णा थोडे लंगडत, आयुष्यभर.
दर रविवारी माझ्या तव्याला
बोटभर गोडं तेल लावायचे, गंज धरू नये म्हणून.
"अण्णा, तुम्हीच केला ना?" मी विचारायची.
"आमच्या कारखान्यातला हाय," ते म्हणायचे.
खोटं बोलायचे नाहीत ते.
मीच पुढं ऐकत नव्हते.
आणि एक दाढीवाला माणूस कोपऱ्यावर सायकल धरून
अण्णांची वाट बघत उभा असायचा, रोज,
घरात ये म्हटलं तरी न येता.
मला वाटायचं, तो आमची दारं मोजतोय.

भंगाराचे तीनशे चाळीस झाले.

रात्री तवा गॅसवर ठेवला, तर जाळीतून खाली पडला.
मग सांडशीत धरून भाजली,
हात दुखेस्तोवर, एकच भाकरी.
ठिपका आला. तिथंच.
आक्कानं ठिपक्याकडूनच खायला सुरुवात केली.

त्याआधी मी फोटो काढून संपतला पाठवला होता.
बाकीचं त्याला अजून काही सांगितलेलं नाही.
त्याचं उत्तर आलं, इचलकरंजीहून, रात्री अकराला:
"देवी आल्यात. माझी ठेव."