लाल ठिपका

तळाचे तीन स्क्रू. तिसरा कायम हट्टी.
आरशाखालचा फोम वितळून डांबर झालाय,
तो काडीने खरवडत बसतो मी,
आणि मात्सुमोतोहून आलेली मिओरी
स्टोव्हपाशी हात शेकत विचारते,
"जगेल ना?"

जगेल की.
तळहाताएवढा जीव, पण कारभारी:
तुम्ही नुसतं भिंग फिरवा,
शटर किती वेळ उघडायचं ते तो ठरवणार.
त्याला एकच गोष्ट शिकवलेली,
की जग सरासरी करडं असतं.
म्हणून आमच्या सुवा तळ्यावरचा बर्फ राखेसारखा येतो
आणि काळ्या सुटातला नवरदेवही राखेसारखाच.

शिकवणाऱ्या बायका इथल्याच, ओकायाच्या.
अठ्ठ्याहत्तर साली, कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
उजळ पाटीसमोर एकेक कॅमेरा धरायचा,
काटा जागेवर आला की बारका स्क्रू थांबवायचा,
वर लाल लाखेचा एक थेंब.
दिवसाला दोनशे.
मी खाली आरसे बसवायचो
आणि जेवणाच्या सुट्टीत एकीची लाल झालेली नखं बघायचो.

वरचं झाकण निघालं.
ठिपका आहे.
शेपूट डावीकडे.

बाकी सगळ्यांच्या शेपट्या उजवीकडे जायच्या.
डावखुरी एकच, चिझुको.
मुकादम तिला पेन उजव्या हातात धरायला लावायचा,
ब्रशकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

तिच्या हातचं घरात आता काही उरलेलं नाही.
मुळ्याच्या लोणच्याची शेवटची बरणी
मी पुरवून पुरवून खाल्ली,
त्यालाही चार हिवाळे झाले.

मीटर जरासं चुकतंय.
इतक्या वर्षांत डोळा म्हातारा होतो,
आहे तो उजेड त्याला कमी वाटतो.
दुरुस्ती सोपी:
ठिपका खरवडायचा, स्क्रूला केसभर वळण,
वर माझा थेंब.
पाच मिनिटं.
सुरी घेतली. ठेवली.
चष्मा पुसला, पुन्हा घेतली.

मग झाकण लावलं.
तळाचे स्क्रूही. तिसऱ्यासकट.

"फिल्म चारशेची घातलीस तरी
ही चकती दोन खुणा पुढे ठेव."
"बिघाड आहे?"
"सवय आहे."

पैसे फोमचे तेवढे घेतले.
दारात ती थांबली, बूट चढवता चढवता म्हणाली,
"आणि तळ्यावर? बर्फात?"

बर्फात चकती चारशेवरच राहू दे, पोरी.
तिथं हिचं बरोबर येतं.